लेकीच्या कानांची फाईल

२२ जुलै २०२२. बाराव्या दिवशी आमच्या लेकीचं बारसं झालं. माझ्या नणंदेनं पाळण्यात वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं, मागून सगळ्या बायकांनी ‘कुर्रर्र’ करत आत्याच्या पाठीत धपाटे घातले. लेक गाढ झोपली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “किती गुणी बाळ! एवढ्या गलक्यात झोप मोडत नाही.” ऐकून मला बरं वाटलं होतं. त्या वेळी कपाटातल्या पिशवीत तिचं डिस्चार्ज कार्ड होतं आणि त्याच्या मागच्या पानावर, शिक्क्याच्या खाली, बारीक अक्षरात दोन्ही कानांपुढे एकच शब्द लिहिलेला होता: रेफर.

मी कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेक आता सतरा महिन्यांची आहे. या दीड वर्षात आम्ही ज्या ज्या दारांत जाऊन उभे राहिलो, त्या प्रत्येक ठिकाणी एक तरी आईबाप असे भेटले ज्यांना पुढचं दार कुठलं हे माहीत नव्हतं. सुरुवातीला आम्हालाही नव्हतं. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

जन्म ११ जुलैचा. नॉर्मल बाळंतपण, वजन २ किलो ९०० ग्रॅम. काचेत ठेवावं लागलं नाही, काविळीसाठी लाइटखालीही नाही. घरात कुणालाही लहानपणापासून ऐकू न येण्याचा इतिहास नाही, आमचं लग्न नात्यातलं नाही. तिसऱ्या दिवशी, १३ तारखेला, घरी सोडायच्या आधी एक मुलगी छोटं यंत्र घेऊन आली. बाळाच्या कानात मऊ बोंडासारखं काहीतरी घातलं, दोन-तीन मिनिटं थांबली, दुसऱ्या कानातही तेच केलं. या तपासणीला ओएई म्हणतात. कानात बारीक आवाज सोडतात आणि आतला कान त्याला उत्तर म्हणून जो अगदी सूक्ष्म आवाज परत पाठवतो तो यंत्र टिपतं. उत्तर आलं तर ‘पास’, नाही आलं तर ‘रेफर’. “कानात जन्माचा चिकटा असेल, होतं असं,” असं म्हणून ती गेली. परत कधी यायचं, कुठे यायचं, काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिचं म्हणणं चूक नव्हतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात तो पांढरा थर असतो आणि बरीच बाळं त्यामुळे ‘रेफर’ येतात, पुढे पास होतात. पण पास होतात हे कळायला तपासणी पुन्हा करावी लागते, आणि ती कुणी करायची हे त्या कागदावर नव्हतं. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: डिस्चार्ज घेताना कानाच्या तपासणीचा निकाल तोंडी ऐकू नका, वाचा. ‘रेफर’ असेल तर तिथेच उभं राहून पुढची तारीख लिहून घ्या. तपासणी झालीच नसेल तर कुठे होईल ते विचारा. आशाताई आमच्याकडे ठरलेल्या दिवशी न चुकता येत होत्या. वजन, ताप, नाळ, दूध, सगळं विचारत होत्या. मी ते कार्ड त्यांना दाखवलं असतं तरी महिना वाचला असता.

२२ ऑगस्टला सहा आठवड्यांच्या लसीसाठी कराडच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. साठीच्या पुढचे डॉक्टर, अगदी हळू बोलणारे. त्यांनी लस टोचायच्या आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं आणि उलटून मागचं पान पाहिलं. आजवर ते पान कुणी उलटलं नव्हतं.

“फेरतपासणी कधी झाली?”

“कसली?”

त्यांनी चष्मा काढला आणि आम्हाला बसवून सांगितलं. एक-तीन-सहा लक्षात ठेवा, म्हणाले. एक महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. मेंदूला भाषा शिकायची घाई पहिल्या महिन्यांतच असते, कान मात्र थांबा म्हणत असतात. म्हणून ही मुदत. आमचा पहिला टप्पा चुकलेला होता. आणखी एक गोष्ट त्या दिवशी हातातून गेल्याचं कळलं. सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूची गरोदरपणात बाळाला लागण झाली तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, पण ती लागण जन्माआधीचीच आहे हे खात्रीने सांगायचं तर लघवीचा किंवा लाळेचा नमुना जन्मानंतरच्या पहिल्या २१ दिवसांत घ्यावा लागतो. लेक ४२ दिवसांची होती. मी घरी येऊन त्या मागच्या पानाकडे बराच वेळ बघत बसले.

२५ ऑगस्टला कराडमध्येच एका ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, पुन्हा ओएई केली. ६०० रुपये. दोन्ही कान रेफर.

३१ ऑगस्टला गणपती बसले. पुढचे दहा दिवस घरात एकच खेळ चालू होता: ऐकू येतं की नाही. सासूबाईंनी पाळण्यामागे उभं राहून ताट वाजवलं, लेकीने डोळे मिचकावले. मंडळाचा ढोल दारावरून गेला, ती दचकून उठली. “बघ, येतंय की! उगाच डॉक्टरांच्या नादी लागू नका,” असं चार जणांनी सांगितलं, आणि मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. पुढे ऑडिओलॉजिस्टनी समजावलं की ढोलाचा दणका अंगाला जाणवतो, ताटाने हवा हलते, सावली हलते; बाळ त्या सगळ्याला उत्तर देतं. घरच्या ताट-चमच्याने कान पास करू नयेत. पुढच्या तपासणीसाठी पुण्याची वेळ घेतलेली होती, त्या दहा दिवसांत मी ती पुढे ढकलणार होते. नवऱ्याने ढकलू दिली नाही.

पुढची तपासणी बेराची. डोक्याला आणि कानामागे बारीक इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि ऐकण्याची नस व मेंदूचा खालचा भाग त्याला कसा प्रतिसाद देतो ते मोजतात. बाळ झोपलेलं लागतं, निदान तासभर. १२ सप्टेंबरला पुण्याला गेलो. गाडीच्या हेलकाव्याने लेक वाटेतच झोपली आणि तिथे पोचल्यावर टक्क जागी. तीन तास थांबून परत आलो. २० तारखेला पुन्हा गेलो तेव्हा शहाणपण आलं होतं. पहाटे लवकर उठवलं, वाटेत मी मागे बसून तिला झोपूच दिलं नाही, दूध अर्धवट भुकेवर ठेवलं, डोक्याला तेल लावलं नाही (इलेक्ट्रोड चिकटत नाहीत), आणि त्या आवाजबंद खोलीत गेल्यावरच पोटभर पाजलं. झोपेचं औषध न देता सव्वा तास तपासणी झाली. २,५०० रुपये लागले. हुकलेल्या दिवसाचे त्यांनी घेतले नाहीत.

निकाल: उजव्या कानाचा प्रतिसाद ७५ डेसिबलच्या आवाजापासून पुढे, डाव्याचा ७०पासून. मधल्या कानाची तपासणी, टिम्पॅनोमेट्री, व्यवस्थित होती. म्हणजे पाणी-पू काही नाही, दोष आतल्या कानात. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं आणि कुजबुज तीसच्या आसपास. मी तिथेच हिशेब केला. बारशाला आत्याने सांगितलेलं नाव तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दहा आठवडे रोज रात्री म्हटलेल्या अंगाईचंही तेच.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं फारसं बोललो नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर नवरा एवढंच म्हणाला, “आता निदान माहीत तरी झालं.” घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन तेलाची वाटी कपाटात ठेवून दिली. रोज न्हाऊ घालताना त्या लेकीच्या कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडायच्या. त्यांना वाटलं, आपल्यामुळेच झालं. तेलाने असं होत नाही, हे आम्ही सांगून त्यांना पटेना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, “आजी, हे जन्माच्या आधीचं आहे. तुमचा काही दोष नाही. पण इथून पुढे कानात तेल नको.” माझ्यापेक्षा त्यांना त्या वाक्याची गरज जास्त होती.

निदानानंतरचा महिना मला सगळ्यात अवघड गेला. कारण आता सगळी कामं एकदम अंगावर आली होती आणि प्रत्येकाला फक्त आपलं काम माहीत होतं. कानाचे डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. मशीनवाले म्हणाले, आधी रिपोर्ट आणा. कुणी म्हणालं, इम्प्लांटच (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात तो) करून टाका, मशीनमध्ये पैसे घालू नका. एका दुकानात तर बेराचा कागद नीट न बघता दीड लाखाची जोडी पुढे ठेवली आणि आज बुक केली तर सवलत म्हणाले. मी कराडच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग कोरा कागद घेतला.

त्या एका पानावर त्यांनी वर जन्मतारीख लिहिली, खाली ओएईच्या दोन तारखा, बेराचे दोन्ही कानांचे आकडे, टिम्पॅनोमेट्रीचा निकाल, झालेल्या लसी, राहिलेल्या लसी, आणि ‘बाकी’ असं लिहून त्याखाली चार ओळी: डोळे, ईसीजी, जनुकीय तपासणी, श्रवणयंत्र. “हा कागद जिथे जाल तिथे दाखवायचा. जो बघेल त्याने आपल्या ओळीपुढे निकाल आणि तारीख लिहायची. आणि दर वेळी कागद माझ्याकडे परत यायला हवा. हे बाळ दहा लोकांकडे जाणार आहे, पण ते राहणार माझ्याकडे.” त्यांनी माझ्यासमोर पुण्याच्या ऑडिओलॉजिस्टना फोन लावला. दोघांची ओळख नव्हती. पाच मिनिटांत झाली.

बाजारातून २० रुपयांची निळी फाईल आणली. शाळेत हजेरीपट जसा ठेवते तशी ती ठेवली: समोर तो कागद, मागे तारखेच्या क्रमाने रिपोर्ट, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. या साऱ्या प्रवासात आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर त्या कागदाचा. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःहून केला नाही तर तुम्ही करून न्या आणि सही मागा. बाळाला सर्दी-खोकल्याला जे डॉक्टर बघतात त्यांच्याकडेच कानांचीही सगळी माहिती असली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. का, ते पुढे मार्चमध्ये कळलं.

चार ओळींपैकी डोळे आणि ईसीजी का, असा प्रश्न मलाही पडला होता. ज्या बाळाचे कान कमी त्याचे डोळे उत्तम हवेत, हे एक. आणि काही आनुवंशिक आजारांत कानांबरोबर पुढे नजरही जाते. ईसीजी यासाठी की जन्मजात बहिरेपणाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ दोष असू शकतो, आणि तो साध्या ईसीजीत दिसतो. ईसीजी २५० रुपये, दहा मिनिटं. डोळ्यांचे डॉक्टर ५०० रुपये, बाहुलीत औषध घालून तासभर थांबणं. दोन्ही चांगले निघाले. त्या दोन ओळींपुढे ‘ठीक’ असं लिहिलेलं बघून कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

जनुकीय तपासणीसाठी तिचं आणि आमचं रक्त दिलं. १२,५०० रुपये, पाच आठवडे. उत्तर आलं: कनेक्सिन २६ च्या जनुकात दोष. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत हे सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. एक सदोष प्रत माझ्याकडून आली, एक तिच्या बाबांकडून. आम्हा दोघांकडे सदोष प्रत एकेकच, म्हणून आम्हाला ऐकू येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता नसतो. पुढच्या प्रत्येक बाळात पंचवीस टक्के शक्यता. हा रिपोर्ट वाचून दाखवला त्या दिवशी ‘कुणाकडून आलं’ ही कुजबुज दोन्ही घरांतून बंद झाली. तेवढ्यासाठीही ते पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही.

२९ सप्टेंबरला मोल्डचं माप घेतलं, म्हणजे कानात गुलाबी लगदा भरून साचा काढला. १८ ऑक्टोबरला मशीन लागलं. लेक तीन महिने एक आठवड्याची होती. कानामागे बसणारी जोडी, ७२,००० रुपये. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. लहान बाळाच्या कानाची पोकळी मोठ्या माणसापेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे तोच आवाज तिथे जास्त जोरात पोचतो. म्हणून मशीनचा आवाज बाळाच्या कानाचं माप घेऊन बसवला पाहिजे. जो विक्रेता हे मोजत नाही त्याच्याकडून बाळासाठी मशीन घेऊ नये.

मशीन सुरू केलं तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. मी नाव घेतलं. ती दूध प्यायची थांबली. एवढंच झालं. मग पुन्हा पिऊ लागली.

२४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. फटाक्यांच्या वेळी मशीन काढून ठेवायचं असं सांगितलेलं होतं, पण संध्याकाळी कुणीतरी अवेळी लवंगी लावली आणि लेक ओठ काढून रडली. सासूबाई तिला घेऊन अंगणभर फिरत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

मशीन लागलं म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. महिन्याने ऑडिओलॉजिस्टनी मशीन संगणकाला जोडलं आणि सरासरी सांगितली: रोज साडेतीन तास. मशीन स्वतःच तास मोजून ठेवतं. मी तर छातीठोकपणे ‘दिवसभर’ सांगितलं होतं. ती ओढून काढायची, मोल्ड चोखायची, कूस बदलली की शिट्टी वाजायची, आणि शिट्टी वाजली की घरातलं कुणीतरी ‘असू दे, मग घालू’ म्हणायचं. त्यानंतर आम्ही पाळी लावली. दर वेळी काढलं की पाच मिनिटांत परत घालायचं, न चिडता. पातळ सुती टोपी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि कपड्याला अडकवायची दोरी, जिच्यामुळे मशीन हरवत नाही. जानेवारीत सरासरी नऊ तासांवर आली.

शिट्टी वाजणं हे बहुतेक वेळा मोल्ड लहान झाल्याचं लक्षण असतं. कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. पहिल्या सहा महिन्यांत जवळपास दर महिन्याला नवा मोल्ड, नंतर दोन-तीन महिन्यांनी. जोडीला १,४०० रुपये, आतापर्यंत आठ जोड्या. सेल १३ नंबरचे, नारंगी स्टिकरचे. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग घालायचे, जास्त टिकतात. मशीनला सेलच्या दाराचं कुलूप मागून घ्या आणि वापरलेले सेल बाळाच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिकाच्या डबीत. रोज सकाळी मशीन घालताना सहा आवाज काढून बघायचे: आ, ई, ऊ, म, श, स. सुरुवातीला मी स्वतः नळी लावून मशीनमधून ऐकायचे, आता तिच्या चेहऱ्यावर वाचते.

नोव्हेंबरमध्ये साताऱ्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दर वर्षी आमच्या शाळेत येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला, आणि इतकी वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांना भरून देत आले. त्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, हे मला शिक्षिका म्हणून माहीत होतं. आई म्हणून तिथे जायचं सुचायला तीन महिने लागले. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी पहिलंच वाक्य सांगितलं ते असं: घरात जी बोली बोलता तीच बोला, पुस्तकी मराठी नको, इंग्रजी तर नकोच. जवळ जाऊन, तिच्या नजरेसमोर येऊन, जे करतोय ते बोलायचं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. खुणाही करायच्या, खुणा केल्याने बोलणं थांबत नाही. आठवड्यातून एकदा सातारा, महिन्यातून दोनदा पुणे, असं आम्ही ठरवलं. साताऱ्यात पैसे लागत नाहीत, पुण्यात एका बैठकीला ५०० रुपये.

माझी १८० दिवसांची रजा डिसेंबरअखेर संपत होती. त्याआधी, १४ डिसेंबरला, मुंबईला जाऊन आलो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने वांद्रे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. आम्हाला इम्प्लांटबद्दल स्वतंत्र मत हवं होतं. सकाळी लवकर पोचून नोंदणी केली तरी दिवस जातो. डबा, दूध आणि जास्तीचे सेल घेऊन जा. निळी फाईल उघडली आणि पहिल्याच टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “हा कागद कुणी करून दिला?” मशीन लावून तिला किती ऐकू येतं ते पाहून त्यांनी सांगितलं की सध्या मशीनचा फायदा चांगला आहे, इम्प्लांटची घाई नको, पण दर सहा महिन्यांनी मोजत राहा. इम्प्लांट लागणाऱ्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून तो मोफत मिळतो आणि त्याचं काम याच संस्थेमार्फत चालतं. आमचं उत्पन्न त्या मर्यादेत बसत नाही. बसत असेल त्यांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, कारण नंबर लागल्यावर तेवढ्यासाठी गावी परत यावं लागलेली एक आई तिथे भेटली.

परत आल्यावर डॉक्टरांनी त्या मताप्रमाणे कागद बदलला. न्यूमोकोकल लसीचे डोस वेळेवर चालू होतेच. पुढे इम्प्लांट झालाच तर मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा, धोका असतो, म्हणून त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि दोन वर्षांची झाल्यावर द्यायच्या जादा डोसची तारीख आत्ताच लिहून ठेवली: ११ जुलै २०२४.

मार्च २०२३. लेक आठ महिन्यांची. साधी सर्दी झाली, ताप नाही. तीन-चार दिवसांनी तिने आवाजांना उत्तर देणं बंद केलं. ‘श’ला नाही, ‘ई’ला नाही, मशीन तर नीट चाललेलं. माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. मी पुण्याला फोन लावत होते, नवरा म्हणाला आधी कराडला जाऊ. डॉक्टरांनी कानात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, पडद्यामागे पाणी आहे. टिम्पॅनोमेट्रीची रेघ सपाट आली. इतर बाळांना एवढ्याने थोडं कमी ऐकू येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हिच्याकडे आधीच कमी, त्यातून आणखी वजा. त्यांनी ऑडिओलॉजिस्टना कळवलं, दोघांनी ठरवलं की मशीनचा आवाज लगेच वाढवायचा नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तीन आठवड्यांनी पाणी ओसरलं, ‘ई’ला मान वळली. त्यानंतर आमचा नियम आहे: सर्दी झाली की कान दाखवायचे, दुखत नसले तरी.

पहिल्या वाढदिवसानंतर दिव्यांग प्रमाणपत्राचं काम हाती घेतलं. इथे मी अडखळले, ते कबूल करते. नवऱ्याने फॉर्म उघडला आणि ‘अपंगत्वाचा प्रकार’ या रकान्यापाशी मी उठून गेले. दोन आठवडे फॉर्म तसाच राहिला. शेवटी ९ ऑगस्टला स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरला. बाळाचं निळं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागला. जिल्हा रुग्णालयात बोर्डाच्या दिवशी गेलो तर सरकारी केंद्रातली ताजी बेरा मागितली. ती करायला आणखी एक फेरी आणि तीन आठवडे. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र ऑनलाइन आलं, तात्पुरतं, फेरतपासणीची तारीख घातलेलं. कार्ड नोव्हेंबरात पोस्टाने. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच भरा. आमच्या पुढच्या रांगेतल्या कुटुंबाचा अर्ज एका अक्षरासाठी परत गेला. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तेव्हा जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळत होती, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. तो फॉर्म भरताना जे वाटलं ते कार्ड हातात आल्यावर वाटलं नाही. कार्डावर लेकीचा दोन्ही मशीन लावलेला फोटो आहे, टोपीशिवाय. आम्हीच तसा काढला होता.

आज ती ‘आई’, ‘दे’, ‘काऊ’ आणि ‘नको’ म्हणते. दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेला कधी वळते, कधी नाही. ‘स’ अजून दोन हातांवरून कळतो, त्यापलीकडे नाही. गेल्या आठवड्यात बूस्टर झाला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आधी फाईल मागितली. पहिलं पान आता चौथं आहे, आधीची तीन भरली. ‘बाकी’च्या खाली सध्या तीन ओळी आहेत: फेब्रुवारीत मशीन लावून मोजणी, जुलैत जादा डोस, आणि उजव्या कानाचा मोल्ड. तो परवापासून शिट्टी मारतो आहे. उद्या रविवार, परवा सकाळी साडेसातच्या एसटीने पुण्याला जाऊन माप द्यायचं आहे. सासूबाई बरोबर येणार आहेत, लेकीला वाटेत झोपू द्यायचं की नाही हे त्यांनी आजच विचारून घेतलं. या वेळी झोपली तरी चालेल.